चौथ्या बाइंडरमधली जुनी पानं

घर रिकामं करायला अकरा दिवस उरले होते आणि सहीसाहेबांचे सात बाइंडर अजून लोखंडी कपाटात जसेच्या तसे उभे होते.

मुलीच्या फ्लॅटमध्ये त्या दोघांच्या वाट्याला एक खोली येणार होती. त्या खोलीत दोन पलंग, एक कपाट आणि एक खुर्ची एवढंच मावतं, हे सहीसाहेब स्वतः टेप लावून मोजून आले होते. बायकोने घरातल्या वस्तूंची यादी केली होती. न्यायचं, द्यायचं आणि रद्दी असे तीन रकाने होते. बाइंडर तिन्हींपैकी एकाही रकान्यात नव्हते, आणि ते का नाहीत हे ती रोज विचारत होती.

"अहो, शनिवारी रद्दीवाला येतोय. वजनदार माल आहे म्हणून त्याला मी सांगून ठेवलंय."

"ती रद्दी नाहीये."

"मग काय आहे?"

"तांत्रिक पुस्तकं आहेत."

"असतील. पण वाचणार कोण? ज्या यंत्राची आहेत ते यंत्र तरी जिवंत आहे का कुठे?"

सहीसाहेब उठले आणि स्वयंपाकघरातला नळ नीट बंद आहे का ते बघून आले. नळ बंदच होता. सकाळपासून तो त्यांनी चौथ्यांदा बंद केला होता.

त्यांचं खरं नाव आता पेन्शनच्या कागदापुरतंच उरलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं झाली, त्यातली तीस वर्षं सगळे त्यांना सहीसाहेबच म्हणत. त्या काळी एक्स्चेंज म्हणजे खोलीभर उंच लोखंडी चौकटी आणि त्यांच्यावर रांगेने बसवलेली हजारो रिले. रिले म्हणजे विजेने खट्‌कन उघडबंद होणारी बोटाएवढी कळ. कुणी डायल फिरवला की या कळा एकामागून एक वाजत जायच्या आणि इकडचा फोन तिकडच्या फोनला जोडला जायचा. प्रत्येक कळीत पितळी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. त्यांचा ताण किती ग्रॅम असावा आणि दोन पट्ट्यांत फट किती असावी, हे सगळं या सात बाइंडरांत तक्त्यांनी दिलेलं. माप केसभर चुकलं की फोन लावावा दवाखान्याला आणि उचलावा तालमीने.

बाइंडर सुट्या पानांचे होते, कारण यंत्रात सुधारणा होत राहायच्या. मुख्य कचेरीतून दुरुस्तीपत्रकं यायची. पाकिटात नवी पानं आणि वर एक ओळ: नवीन पान लावावे, जुने पान काढून नष्ट करावे, तसे केल्याची नोंदवहीत सही करावी. दर शुक्रवारी दुपारी बाकीचे चहाला गेले की सहीसाहेब बाइंडर उघडून बसत. नवं पान लावत, जुन्याचे चार तुकडे करत आणि सही ठोकत. आजवर एकही शुक्रवार चुकला नव्हता. तपासणीला येणारे अधिकारी इतरांची पुस्तकं बघून कपाळाला आठ्या घालायचे आणि यांच्यापाशी येऊन म्हणायचे, "शिका जरा यांच्याकडून."

यांत्रिक एक्स्चेंज बंद झालं, त्याच्या जागी कॉम्प्युटरची चार कपाटं आली. पुस्तकं जाळायला काढली तेव्हा सहीसाहेबांनी रीतसर अर्ज केला, मंजुरी घेतली आणि सातही बाइंडर सायकलवरून दोन खेपांत घरी आणले.

बाइंडरांना गिऱ्हाईक शोधून दिलं जावयाने. त्याने फोटो काढले आणि जुन्या टेलिफोनच्या शौकिनांचा एक गट आहे, तिथे टाकले. सहीसाहेबांना वाटलं होतं, कोण विचारणार. दोन दिवसांत जावयाचा फोन वाजायचा थांबेना. तेव्हा त्यांना कळलं की जुनी यंत्रं पुष्कळांनी भंगारातून उचलून घरी आणून ठेवली आहेत. कुणी गच्चीवर, कुणी गोठ्याच्या जागी, कुणी बायकोचा विरोध मोडून थेट बैठकीच्या खोलीत. यंत्र किलोच्या भावाने मिळतं, पण ते बोलतं करायचं तर मापं हवीत. मापं फक्त पुस्तकात, आणि पुस्तकं तर सगळीकडे जाळून टाकलेली. एका तक्त्याच्या पानासाठी लोक अख्खं यंत्र बदल्यात द्यायला तयार होते.

"पप्पा, तुम्ही सोन्यावर बसलाय," जावई म्हणाला.

"मी खुर्चीवर बसलोय," सहीसाहेब म्हणाले आणि लगेच उठून येरझाऱ्या घालू लागले. बायकोकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही. तिने पाहावं म्हणून मात्र दोनदा तिच्यासमोरून गेले.

त्यांना विकायची घाई नव्हती. योग्य हातात जायला हवेत, एवढंच होतं. शेवटी त्यांनी एक दातांचे डॉक्टर निवडले. डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये चार रांगांची एक पूर्ण चौकट होती आणि ती चालू करण्याच्या ध्यासाने ते तीन वर्षं झपाटलेले होते.

डॉक्टर गुरुवारी आले. चाळिशीचा माणूस, हात दगडासारखे स्थिर. त्यांनी पहिला बाइंडर उघडला आणि त्यांच्या तोंडून नुसता "अरे वा!" एवढाच उद्गार निघाला. पानं पिवळी, पण एकालाही चुणी नाही. छिद्रांना कापडी गोल चिकटवलेले. दुरुस्त्यांची नोंद क्रमाने.

"काका, मी बारा संच पाहिलेत. भिजलेले, वाळवी लागलेले, एकात तर उंदराचं घर होतं. असा संच कुणाकडे नाही."

बायको चहा घेऊन आली होती ती तिथेच उभी राहिली. सहीसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा चहा थंड झालेला चालला.

मग डॉक्टरांनी चौथा बाइंडर घेतला. रिलेच्या मापांचा. त्यांनी पान काढलं, खिशातल्या चिठ्ठीशी ताडून पाहिलं, मागची पानं चाळली, पुढची चाळली.

"ही चौथी आवृत्ती आहे."

"अद्ययावत," सहीसाहेब म्हणाले. "शेवटच्या दुरुस्तीपर्यंत."

"हो, पण माझ्या चौकटीच्या पट्टीवर पहिली आवृत्ती असं आहे. मला जुनी पानं हवीत. ती कुठे ठेवलीत?"

"ठेवायची कशी? नष्ट केली."

"सगळी?"

"एकूण एक. सह्या आहेत ना, बघा." त्यांनी नोंदवही पुढे केली.

डॉक्टरांनी सह्या पाहिल्या. पानामागून पान तीच सही. त्यांनी वही फार हळुवारपणे मिटली. दात काढायलाच लागणार हे सांगण्याआधी डॉक्टर असेच हळुवार होत असतील.

"शौकीन लोकांत ही एक मोठी अडचण आहे, काका. चांगल्या माणसांनी जुनी पानं फाडली आणि वाईट माणसांनी पुस्तकंच नीट ठेवली नाहीत. दोन्ही असलेला संच सापडत नाही." ते उठले. "मी बघतो. कळवतो तुम्हाला."

दार लागल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे शनिवारचं काय सांगू रद्दीवाल्याला?"

त्या दिवशी सहीसाहेबांना घर पुरेना. ते गॅलरीत गेले, आत आले, बांधलेलं खोकं सोडून पुन्हा बांधलं. वर्तमानपत्र उघडून एकच बातमी तीनदा वाचली. बायकोने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जुनी पानं एकाकडे असतील."

"कोणाकडे?"

"निवांतकडे."

बायकोच्या हातातली वर्तमानपत्राची घडी तशीच राहिली. या घरात ते नाव बावीस वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

निवांत त्यांच्याच पाळीचा दुसरा तंत्रज्ञ. कामाला बरा, कागदाला नालायक. दुरुस्तीपत्रकाची पाकिटं यायची ती तो न फोडता बाइंडरच्या मागच्या कप्प्यात कोंबायचा. "अरे, लाव की पानं!" म्हटलं की म्हणायचा, "पानं कुठे पळून चाललीयेत?" दर सोमवारी सहीसाहेब माप घ्यायला बसले की पहिल्या दोन रांगा मापाबाहेर सापडायच्या. ते तासभर खपून पुस्तकाप्रमाणे जुळवायचे. पुढच्या सोमवारी पुन्हा बाहेर. आठवडाभर चौकट निवांतच्या हाताखाली असायची. आठ महिने हे चाललं, तेव्हा सहीसाहेबांनी दोन पानी अहवाल लिहिला. निवांतची बढती थांबली, त्याला लांबच्या एक्स्चेंजला धाडलं. जाताना त्याने टेबलावरून स्वतःचा डबा आणि स्वतःचा चौथा बाइंडर उचलला आणि सहीसाहेबांकडे न बघता निघून गेला.

"जा ना मग," बायको म्हणाली. "की त्यालाही अर्ज करणार आहात?"

शुक्रवारी सकाळी ते गेले. बसमधून दोन थांबे आधीच उतरले, कारण बसून राहवेना. निवांतच्या घरावरून एकदा पुढे गेले, कोपऱ्यावरच्या दुकानात नको असलेली पेन्सिल घेतली, परत आले, पुन्हा पुढे गेले.

"तिसऱ्यांदा गेलास तर पोलिसांना बोलावीन," वरून आवाज आला. निवांत ओट्यावर पाय पसरून शेंगा सोलत बसला होता. केस पूर्ण पांढरे, पोट सुटलेलं, घाई तेवढीच कमी. "ये वर. चपला राहू दे पायात, फरशी काही संगमरवराची नाही."

सहीसाहेब आले पण बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं: घर, मुलगी, डॉक्टर, पहिली आवृत्ती. निवांत ऐकत होता. शेंगा सोलत राहिला.

"म्हणजे तुला माझं पुस्तक हवंय," शेवटी तो म्हणाला. "ज्यात एकही पान लावलेलं नाही ते."

"हो."

"ज्याच्याबद्दल अहवालात लिहिलं होतंस... काय शब्द होता तो?"

"अक्षम्य," सहीसाहेब म्हणाले. त्यांना तो शब्द पाठ होता.

"हां, अक्षम्य." निवांतने आत हाक मारली, "अगं, तुझ्या मशीनचा पाय जरा उचल. आपलं अक्षम्य पुस्तक बाहेर काढायचंय."

आतून वहिनी म्हणाल्या, "आणि माझं मशीन हलेल त्याचं काय? या भावजी, पाणी घ्या. याच्याकडे लक्ष देऊ नका, सकाळपासून एवढ्याच शेंगा झाल्यात."

शिवणाच्या मशीनखालून बाइंडर निघाला. वर तेलाचा गोल डाग, पण आत पहिली आवृत्ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मागच्या कप्प्यात पाकिटं, चिकटवलेली तशीच. सहीसाहेबांनी एक पाकीट हातात घेतलं. त्यांची बोटं ते फोडून पान लावायला शिवशिवू लागली. त्यांनी पाकीट परत ठेवलं.

"तू नेऊ नकोस," निवांत म्हणाला. "मी घेऊन येतो. यंत्र बघायचंय मला."

"उद्या रद्दीवाला येणार आहे."

"मग आजच जाऊ. अडलंय कुठे?"

निवांत एवढ्या चटकन उठलेला सहीसाहेबांनी कधी पाहिला नव्हता.

जाताना सहीसाहेबांनी वाटेत घरी थांबून आपलाही चौथा बाइंडर पिशवीत घातला. का ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. रिकाम्या हाताने त्यांना जायचं नव्हतं.

डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा नव्हती. मधोमध चौकट उभी होती, चारी बाजूंनी फिरता येईल अशी. सहीसाहेब दारातच थबकले. चौकटीच्या माथ्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा होता, आणि त्या आकड्यातला सात त्यांच्या स्वतःच्या हातचा होता.

"ही आपली आहे," ते म्हणाले.

"तर. मी ओळखली," निवांत म्हणाला. "डाव्या पायाला अजून तो पोचा आहे."

काम सुरू झालं. निवांतने पुस्तक उघडून मापं वाचायची आणि डॉक्टरांनी चिमट्याने स्प्रिंगा वळवायच्या. सहीसाहेबांना करायला काही नव्हतं. ते चौकटीभोवती फिरत होते आणि प्रत्येक फेरीत म्हणत होते, "सावकाश, डॉक्टर." डॉक्टरांचे हात मुळातच सावकाश होते. दोन तासांनी पहिल्या रांगेला वीज दिली. डायल फिरवला आणि कळा खटाखट वाजत गेल्या. टेबलावर मांडलेल्या फोनांपैकी काळा खणखणला. डॉक्टरांनी चक्क टाळी वाजवली. दुसरी रांगही चालली.

तिसरी रांग मात्र नुसती गुरगुरली. मापं तीच, हात तेच, पण प्रत्येक वेळी भलताच फोन वाजायचा. चौथीचंही तेच.

"असं कसं?" डॉक्टर म्हणाले.

निवांतने पुस्तक मिटलं. स्टुलावर बसून तो सहीसाहेबांकडे बघत होता, कोड्याचं उत्तर माहीत असलेल्या माणसासारखा.

सहीसाहेब चौकटीच्या मागे गेले. एक्स्चेंजमध्ये चौकटी भिंतीला टेकलेल्या असायच्या, मागची बाजू एकतीस वर्षांत त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यांनी रुमालाने धूळ पुसली. तिसऱ्या रांगेच्या मागे हिरव्या रंगाचा एक ठिपका होता. चौथीच्या मागेही होता. सुधारणेचं काम पुरं झालं, नव्या स्प्रिंगा बसवल्या, की रांगेवर हिरवा ठिपका द्यायचा, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी वरच्या दोन रांगा पुसल्या. नुसतं लोखंड. त्यांनी पुन्हा पुसलं, जोर लावून, जणू ठिपका खाली दडून बसला असेल.

"पहिल्या दोन रांगांना ठिपका नाही," ते म्हणाले.

"नाहीच," निवांत म्हणाला. "चौकटीमागे हात घालून देणार कोण? मीच. मला माहीतच होतं."

"सुधारणा चारही रांगांना झाली होती."

"कागदावर. सुट्या स्प्रिंगा आल्या दोन रांगांच्या. बाकीच्या आल्याच नाहीत कधी. मी मागणी पाठवली होती तीनदा."

सहीसाहेबांनी पिशवीतून आपला बाइंडर काढला. चौथ्या आवृत्तीचं पान उघडलं आणि मापं वाचू लागले. डॉक्टरांनी तिसरी रांग पुन्हा जुळवली. वीज दिली. फोन वाजला, बरोबर तोच.

डॉक्टर हरखून गेले. "म्हणजे मला दोन्ही पुस्तकं हवीत! एक वरच्या रांगांना, एक खालच्या. काका, तुमचे सातही बाइंडर घेतो मी, आणि यांचा हा पण. ठेवायला काचेचं कपाट करतो."

"घ्या," निवांत म्हणाला. "मला पैसे नकोत. आमच्या हिची कवळी सारखी निसटते, तेवढी बसवून द्या."

सहीसाहेबांनी यातलं काही ऐकलं की नाही कोण जाणे. ते अजून चौकटीच्या मागेच होते आणि मनात सोमवार मोजत होते. सोमवारी ते वरच्या रांगा नव्या पानाप्रमाणे जुळवायचे. मंगळवारी तक्रारी यायच्या. निवांत जुन्या पानाप्रमाणे दुरुस्त करायचा, आणि मग आठवडाभर सगळं शांत. पुढच्या सोमवारी ते पुन्हा बिघडवायचे. आठ महिने. अहवालात मंगळवारच्या तक्रारींचा तक्ताही त्यांनीच जोडला होता, पट्टीने रेघा मारून.

"तू मला सांगितलं का नाहीस?" ते म्हणाले.

"सांगितलं होतं. म्हटलं, या रांगा जुन्या पानाने जुळव. तू म्हणालास, जुनं पान अस्तित्वात नाही."

सहीसाहेबांना ते वाक्य आठवलं. शब्दही त्यांचेच होते.

डॉक्टरांनी कागद मागितला. कुठली रांग कुठल्या पुस्तकाने, हे लिहून दोन्ही बाइंडरांत लावायला हवं होतं. सहीसाहेब लिहायला बसले. रांग एक व दोन, पहिली आवृत्ती. रांग तीन व चार, चौथी आवृत्ती. मग सवयीने त्यांनी खाली 'कारण' लिहिलं आणि त्यांचा हात थांबला. खुर्चीत ते दोनदा सरकले. शेवटी लिहिलं: सुटे भाग न आल्याने वरच्या रांगांची सुधारणा झाली नाही. त्या काळात संबंधित तंत्रज्ञाने जुन्या पानाप्रमाणे केलेली जुळणी बरोबर होती. मी सोमवारी केलेली जुळणी चूक होती. त्याखाली सही केली आणि कागद निवांतकडे सरकवला.

"तूही कर."

निवांत न वाचताच सही करू लागला.

"आधी वाच."

निवांतने वाचलं. वाचायला बराच वेळ घेतला. मग सही केली, आणि कागद स्वतःच पंच करून आपल्या बाइंडरला लावला. त्या बाइंडरला त्याने लावलेलं ते पहिलंच पान.

परतीच्या रस्त्याला सहीसाहेब भराभर पुढे चालत होते आणि दर वीस पावलांवर थांबून मागच्याची वाट बघत होते. हात मोकळे होते आणि त्या हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा ते म्हणाले, "पान तुझ्याकडे होतं. साहेबांच्या टेबलावर नेऊन आपटायचं होतंस. चौकशी झाली असती, मी उघडा पडलो असतो. तू गप्प का बसलास?"

"न्यायला निघालो होतो," निवांत म्हणाला. "जिन्यापर्यंत गेलोही होतो. पण अशी पानं साहेब तुझ्याकडेच तपासायला पाठवायचे. आणि तू ते फाडलं असतंस."

सहीसाहेब थांब्याकडे वळले. बस येईपर्यंत ते थांब्याच्या खांबाभोवती फिरत राहिले आणि प्रत्येक फेरीत हे खरं की खोटं ते मनाशी तपासून पाहत राहिले. उत्तर एकच येत होतं. फाडलं असतं. चार तुकडे करून, आणि नोंदवहीत सही करून.